चूक स्टिअरिंगवर दिसते, पण ठरते गोदामाच्या दारात

महामार्गावर अपघात झाला की संध्याकाळपर्यंत निकाल लागलेला असतो. ‘हे ट्रकवाले असेच. दारू पितात, लेन पाळत नाहीत, माणसं चिरडतात आणि पळून जातात.’ मग रस्ता सुरक्षा अभियान येते. ड्रायव्हर लोकांना मंडपात बसवतात, त्यांचे डोळे तपासतात, हातात गुलाबाचे फूल देतात आणि शिस्तीचे भाषण ऐकवतात. ट्रकचा मालक, माल पाठवणारा व्यापारी आणि गोदामाचा मॅनेजर यांना त्या मंडपात कोणी बोलावत नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

आम्ही ड्रायव्हरची चूक झाकायला बसलेलो नाही. ट्रकखाली येणारा बहुतेक वेळा पायी चालणारा किंवा दुचाकीवरचा गरीब माणूसच असतो. मरणारा आमचाच आणि स्टिअरिंगवर बसलेलाही आमचाच. आमच्या वस्तीतल्या कितीतरी पोरांनी दहावी हुकल्यावर आधी क्लीनर म्हणून गाडी धरली आणि मग ड्रायव्हर झाले. म्हणून या प्रश्नाकडे आम्हाला दोन्ही बाजूंनी पाहावे लागते.

एक साधी फेरी पाहू. आमच्या वस्तीतला एक भाऊ लासलगावचा कांदा वाशीच्या मार्केटला नेतो. सकाळी लिलाव होतो. दुपारी व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी लागते. गोण्या भरून, ताडपत्री टाकून, रस्सा आवळून निघायला रात्र पडते. नाशिक सोडायचे, कसारा घाट उतरायचा आणि पहाटेपर्यंत वाशी गाठायची. उशीर झाला तर भाव पडल्याचा राग त्याच्यावरच निघतो. पहाटे पोहोचला म्हणून झोप मिळते असेही नाही. नंबर येईपर्यंत गाडीपाशीच थांबायचे, हमालांनी माल उतरवला की मालकाचा फोन येतो, ‘भिवंडीत रिटर्न भाडं आहे, लगेच जा.’ भिवंडीच्या गोदामावर पुन्हा रांग. गेटवरचा माणूस म्हणतो, ‘ए ड्रायव्हर, गाडी बाहेर लाव.’ संडास विचारला तर आतला संडास स्टाफसाठी आहे असे उत्तर मिळते. आम्ही त्याला विचारले, ‘मग झोपतोस कधी?’ तो हसून म्हणाला, ‘दादा, रांगेत. पुढची गाडी हलली की हॉर्न वाजतो, तेव्हा उठायचं.’

मालकाच्या वहीत या भावाने फक्त सहा-सात तास गाडी चालवली. प्रत्यक्षात तो आदल्या सकाळपासून जागा आहे. आता याला लेनची शिस्त शिकवा.

यावर कायदा नाही का? आहे, आणि आजचा नाही. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ साली आला. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही त्याने घातलेली मर्यादा. लांब पल्ल्यासारख्या कारणांसाठी सवलत दिली तरी १० आणि ५४ तासांच्या वर जाता येत नव्हते. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट मजुरी, आठवड्याची सुटी, सगळे लिहिलेले होते. चाक फिरते तेवढेच काम असेही हा कायदा मानत नव्हता. त्याला जोडून येणारे पूरक कामही त्याने कामाच्या तासांत धरले. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ९१ नेही ड्रायव्हरच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवले.

मग अडले कुठे? पहिली पळवाट कायद्यातच होती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच तो लागू. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक गल्लोगल्ली आहेत, म्हणजे त्यांचा ड्रायव्हर या छत्रीच्या बाहेर. दुसरे म्हणजे तपासणी. रस्त्यावर लायसन्स तपासतात, पीयूसी तपासतात, पण ‘तू किती तास जागा आहेस?’ असे विचारणारा अधिकारी आमच्या भावाला आजवर भेटलेला नाही. पुढे २०२० साली हा १९६१ चा कायदा नव्या कामगार संहितेत विरघळवून टाकला. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत असा नियम होता, तोही २०१८ मध्ये काढला. २०१९ मध्ये आठवी पासची अट काढली. रोजगार मिळेल म्हणून आम्ही तिचे स्वागतही केले असते. पण ज्याला शाळेने बाहेर टाकले त्याला कायदा वाचून दाखवायची जबाबदारी कोणाची, हे कोणीच सांगितले नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ मध्ये कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला, ते त्यांच्याच कारकिर्दीतले काम. कामगार हा यंत्राचा सुटा भाग नाही, त्याला झोप, घर आणि वाचनासाठी वेळ हवा, हा त्यामागचा विचार होता. संविधानाचे कलम ४२ न्याय्य आणि माणुसकीच्या कामाच्या परिस्थितीबद्दल बोलते. कारखान्याच्या भिंतीआड पोहोचलेले ४८ तास महामार्गावर मात्र कधी पोहोचलेच नाहीत.

आता ‘बेशिस्ती’ची दोन उदाहरणे घेऊ.

पहिले, घाटात गाडी न्यूट्रल करणे. कात्रजकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किती अपघात झाले हे पुणेकरांना सांगायला नको. उतारावर गिअर काढला की इंजिनाची अडवणूक संपते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सुटते. इंजिनच बंद केले तर एअर ब्रेकला लागणारी हवा भरणेही थांबते. हे ड्रायव्हरला माहीत नाही का? माहीत आहे. पण अनेक मालक फेरीचे डिझेल आधीच ठरवून देतात. जास्त लागले तर पगारातून कापतात, वाचले तर ते ड्रायव्हरचे. ज्याचा भत्ता जेवणालाही पुरत नाही, त्याच्यासमोर उतार आला की तो चार पैसे वाचवायला बघतो. गिअर काढणारा हात त्याचा, पण हिशेबाची ती वही मालकाची.

दुसरे, ओव्हरलोड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. हे कलम गाडी चालवणाऱ्यापुरते नाही. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो तोही त्यात येतो. म्हणजे कायद्याला मालक दिसतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या यंत्रणेला मात्र फक्त खिडकीतला ड्रायव्हर दिसतो.

आणि आता सगळ्यात मोठा आरोप, अपघात करून पळून जाण्याचा. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६(२) आले. अपघातात माणूस मेला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद. २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला चर्चेचे आश्वासन द्यावे लागले. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवले गेले.

त्या वेळी टीव्हीवर एकच प्रश्न होता, ‘पळतात कशाला?’ उत्तर मोटार वाहन कायद्यातच आहे. कलम १३४ म्हणते, जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, मात्र जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसेल तर वेगळी गोष्ट. तेव्हा त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत सगळी हकीकत सांगायची. म्हणजे रस्त्यावर जमाव माणूस ठेचतो हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. जमावाच्या हाती सापडलेल्या गरीब माणसाचे काय होते, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही.

तरीही आमच्या ड्रायव्हर बांधवांना आम्ही स्पष्ट सांगतो. जमावापासून जीव वाचवणे आणि गायब होणे यात फरक आहे. निघावे लागले तर थेट पोलीस ठाणे गाठा, ११२ ला फोन करा, जखमीसाठी १०८ ला कळवा. तो रस्त्यात तडफडणारा माणूस तुमच्या-आमच्यासारखाच कोणाचा तरी बाप आहे. दारू पिऊन स्टिअरिंग धरू नका, त्याला कोणतीही मजबुरी कारण होत नाही. घाटात गिअर काढू नका. डावी लेन सोडू नका. समोरून गाडी आली की डिपर द्या. गाडी बंद पडली तर मागे त्रिकोण ठेवा, पार्किंग लाईट चालू ठेवा, कारण अंधारात उभ्या ट्रकवर आदळून मरणारा सहसा मोटारसायकलवाला असतो. आणि भरलेल्या मालाच्या वजनकाट्याच्या पावतीचा, मालकाच्या ‘लगेच निघ’ म्हणणाऱ्या मेसेजचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवा. उद्या कोर्टात तोच तुमच्या बाजूने बोलेल.

कारवाल्यांनाही दोन शब्द. ट्रक पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो ते तुम्हाला घुसण्यासाठी नसते. भरलेल्या गाडीला थांबायला तेवढी जागा लागते. त्याच्या डाव्या कुशीला चिकटून चालू नका, तिथे तुम्ही त्याला दिसत नाही.

सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला. चांगले केले. पण थंड केबिनमध्ये तीस तास जागलेला माणूस तीस तास जागलेलाच असतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एका गाडीच्या मालकालाही तासांची मर्यादा लागू करा. जीपीएस आणि फास्टॅग गाडीचा माग ठेवतातच, त्याच नोंदीवरून ड्रायव्हरचे तास मोजा. लोडिंगच्या रांगेतला वेळ कामात धरा आणि हॉल्टिंगचे पैसे मालकाच्या खिशात न जाता ड्रायव्हरच्या हातात द्या. प्रत्येक मोठ्या गोदामाला आणि बाजार समितीला ड्रायव्हरसाठी पाणी, संडास आणि झोपायची जागा बंधनकारक करा. ओव्हरलोडच्या प्रत्येक पावतीवर माल भरणाऱ्याचे नाव लिहा. थकलेल्या ड्रायव्हरकडून अपघात झाला, तर त्याला कामावर पाठवणाऱ्याचीही चौकशी करा.

एवढे झाले की मग मंडप टाका, गुलाबाची फुले वाटा, शिस्तीची भाषणे द्या. आम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकू. फक्त त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर मालकही बसलेला असला पाहिजे.

जय भीम!