फाझेकास दोन

एमआरआयच्या अहवालात तळाच्या ओळींत कुठेतरी ते लिहिलेलं असतं : ‘फाझेकास ग्रेड २, वयोमानानुसार बदल’. तपासणी झालेली असते चक्कर येते म्हणून. गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढं कळलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि फिल्म कपाटावर जाते. त्या दोनबद्दल कुणी विचारत नाही. बऱ्याचदा कुणी आपणहून सांगतही नाही.

फाझेकास ही मोजपट्टी १९८७ची, शून्य ते तीन. एक म्हणजे मेंदूच्या पांढऱ्या भागात सुटे ठिपके. दोन म्हणजे ते ठिपके एकमेकांत मिसळू लागलेले. तीन म्हणजे मोठे सलग डाग. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात धडधाकट माणसांचा सहा वर्षं माग काढला गेला. निष्कर्ष २००३ मध्ये आले. सुटे ठिपके जवळपास होते तसेच राहिले. मिसळू लागलेले मात्र पसरत गेले. दोनवर हा बारीक धमन्यांचा आजार थांबून राहत नाही.

हे पसरणं चटकन कळत नाही. बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, रक्त कमी पोचतं. झटका येतोच असं नाही. पाऊल आखूड पडू लागतं. पासबुकातली जी बेरीज तोंडी व्हायची, तिला कागद लागतो. कशातच उत्साह राहत नाही. लघवीला घाई होते. आणि आपण म्हणतो, वय झालं.

वय आहेच. पण त्याच्या जोडीला रक्तदाब असतो आणि तो उतरवता येतो. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत वरचा आकडा १२०च्या खाली आणायचं ठरवलेल्या गटात सुमारे चार वर्षांत डाग ०.९२ घन सेंटिमीटरने वाढले. १४०च्या खाली चालेल म्हटलेल्या गटात १.४५ने. डाग पुसले गेले नाहीत, वाढीचा वेग कमी झाला. या आजारात आज एवढंच हाती आहे, आणि ते थोडं नाही.

‘वयोमानानुसार’ लिहिणाऱ्यांनी त्याखाली ‘रक्तदाब तपासावा’ एवढी ओळ घालायला काय हरकत आहे? आणि घरोघरी जुने अहवाल आहेत, ते काढून तो आकडा बघा. दोन किंवा तीन असेल तर याच आठवड्यात बीपी मोजा, किती खाली आणायचं ते डॉक्टरांना विचारा. बरं वाटतंय म्हणून गोळी मनानेच बंद करू नका.