पाहुणा वाचतो पंचवीस मिनिटे

वाचकहो, गेल्या ऑक्टोबरात आपल्या तालुक्याच्या वाचनालयात एका प्रवासलेखकाचा जाहीर वाचनाचा कार्यक्रम झाला. तुमच्यापैकी बहुतेकजण आला नव्हता, आणि त्यात तुमचा दोष नाही. फळछाटणी चाललेली, त्यात पावसाने उघडीप दिली नव्हती. दावण्याच्या भीतीने जो तो फवारणीच्या मागे लागलेला. अशा दिवसांत संध्याकाळी सहाची वेळ ठेवणाऱ्याने द्राक्षाची बाग फक्त चित्रात पाहिली असावी.

पत्रिकेवर सहा, प्रत्यक्षात दीपप्रज्वलन पावणेसातला. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय (हसू नका, खरंच झाला), शाल-श्रीफळ, देणगीदारांचे सत्कार, राहून गेलेल्या देणगीदारांचे सत्कार. लेखक वाचायला उभे राहिले तेव्हा सव्वाआठ वाजले होते. पंचवीस मिनिटे त्यांनी तुर्कस्तानवरचे प्रकरण वाचले. वाचले मात्र असे, की पंख्याचा आवाजसुद्धा कुणाला जाणवला नाही. इस्तंबूलचा बाजार, बोटीवरचा चहा, भाषा येत नसताना एका म्हातारीने खाऊ घातलेली भाकरी. पुढच्या रांगेतली मान्यवर मंडळी घड्याळाकडे बघत होती. मागच्या रांगा पुढे सरकून बसल्या होत्या.

वाचन संपल्यावर मागून एक बेदाणावाले शेतकरी उठले. म्हणाले, "सायेब, त्या इझमीरच्या अंगाला बेदाना भुईवर वाळवत्यात का आमच्यागत शेडमधी?" सूत्रसंचालकांनी लगेच माईक हातात घेतला आणि प्रश्न शक्यतो साहित्याविषयी विचारावेत अशी नम्र सूचना केली. सभागृहात खसखस पिकली. ते गृहस्थ खाली बसले. पण लेखक मोठ्या मनाचे निघाले. त्यांनीच त्यांना पुन्हा उभे केले आणि सरळ सांगितले की, बसच्या खिडकीतून शेतात पसरलेली द्राक्षे दिसली होती, पण मी खाली उतरलो नाही. तुमच्यासारखा कुणी शेजारी असता तर उतरलो असतो.

प्रश्न हसण्यासारखा होता का, तुम्हीच ठरवा. तुर्कस्तान हा बेदाणा निर्यात करणाऱ्या देशांत अगदी वरच्या रांगेतला. मनिसा आणि इझमीर हा तिथला द्राक्षांचा मुलूख. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे पाऊस नसतो, म्हणून द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि ऑलिव्ह तेलाच्या द्रावणात बुडवून उन्हात पसरतात. आपण डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट वापरतो, पण फेब्रुवारी ते एप्रिल शेडमध्ये जाळीवर, सावलीत वाळवतो. कारण आपल्याला माल हिरवट हवा असतो आणि अवकाळीचा भरवसा नसतो. एवढेच नव्हे. आपल्या बागेतली थॉमसन सीडलेस मूळची त्याच बाजूची, तिकडे ती सुलताना. एकोणिसाव्या शतकात विल्यम थॉमसन नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात तिचा प्रसार केला म्हणून ती थॉमसन झाली. तिच्यातूनच आपल्या तासगाव भागात तास-ए-गणेश निवडली गेली. म्हणजे ज्या मुलखाचे वर्णन वाचले गेले, तिथलीच वेल मागच्या रांगेतल्या माणसाच्या दारात उभी आहे. त्याने विचारायचे नाही तर कुणी?

कार्यक्रमानंतर वाचनालयाच्या पायरीवर चहाचे कप घेऊन जी बैठक जमली ती रात्री साडेदहापर्यंत चालली. मजुरी किती, पाणी कुठले, बायका शेतात कामाला दिसल्या का, दलाल असतो का. लेखकांनी खिशातली वही काढून उलट आपल्या शेतकऱ्यांनाच प्रश्न विचारले आणि लिहून घेतले. खरा कार्यक्रम तो. त्याची बातमी कुठे आली नाही. सत्काराचा फोटो मात्र छापून आला.

आता वाचनालयाच्या कार्यकारिणीत असा विचार चालला आहे की, उपस्थिती कमी म्हणून हे वाचनाचे कार्यक्रम बंद करावेत आणि तो खर्च ऑर्केस्ट्राला द्यावा. ऑर्केस्ट्राला आमचा विरोध नाही, लोकांनी हसावे-नाचावे. पण उपस्थिती का कमी, हे न बघता कार्यक्रमच बंद करणे म्हणजे बोअरचे पाणी कमी आले म्हणून बागेवर कुऱ्हाड चालवण्यासारखे आहे. आधी मोटर बघा, पाइप बघा.

प्रवासवर्णन हा काही शहरातल्या निवृत्त लोकांचा विरंगुळा नव्हे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचे कर्ज फिटावे, चार पैसे दक्षिणा मिळावी म्हणून १८५७ च्या तोंडावर उत्तरेला निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे यांचा यज्ञ होणार असे कानावर आले होते. वाटेत बंड पेटले, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि शेवटी कर्ज फेडण्याइतका पैसा नाही पण आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आले. त्यांचे 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापून प्रसिद्ध केले. कर्जापायी घर सोडणारा माणूस आपल्या श्रोत्यांना समजावून सांगावा लागत नाही. हे पुस्तक एकदा आपल्याकडच्या पारावर मोठ्याने वाचून बघा.

दुसरे उदाहरण तर आपल्या सांगली जिल्ह्यातलेच. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्यांनी 'पांढरी मेंढरे हिरवी कुरणे' लिहिले. नावातच मेंढरे आणि कुरणे! माणदेशात जन्मलेल्या माणसाची नजर तिकडे गेल्यावरही आधी कुठे पडली, ते नावावरूनच कळते. आमच्या वाचनालयात हे पुस्तक आहे. त्याच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का बऱ्याच वर्षांपूर्वीचा आहे. मेंढपाळांच्या वाड्यावर जाऊन त्यातले दोन पानी उतारे कुणी वाचले तर? पंखा, माईक, शाल काहीही लागणार नाही.

वेळेचे म्हणाल तर औदुंबरकडे बघा. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी कवी सुधांशूंच्या पुढाकाराने सुरू झालेले साहित्य संमेलन मकर संक्रांतीला भरते. तारीख विचारावी लागत नाही, पत्रिका पोचली नाही म्हणून कुणी रुसत नाही. लोक तिळगूळ घेऊन जातात आणि ऐकून येतात. आपल्या वाचनालयानेही एक दिवस पक्का करावा. माझे मत विचाराल तर एप्रिलची खरडछाटणी आटोपल्यावर, पावसाच्या आधी. किंवा गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी. जत्रेला खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी मुलाबाळांसह गावी आलेली असतात. केरळ, तामिळनाडू, दिल्ली, कुठे कुठे ही माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. परक्या गावात दुकान कसे मांडले, पहिल्या वर्षी भाषा कशी शिकली, कुणी फसवले, कुणी सांभाळले, हे त्यांच्याइतके कोण सांगेल? पाहुण्या लेखकाच्या शेजारी अशा एकाला खुर्ची द्या. लेखकाने आपले पान वाचावे, याने आपली गोष्ट सांगावी. बघा पुढच्या रांगेतले घड्याळ बघतात का ते.

इथे आमच्या खात्याचेही थोडे सांगितले पाहिजे, दुसऱ्यालाच बोट दाखवायचे बरे नव्हे. शेतकऱ्यांना परदेशी अभ्यास दौऱ्यावर पाठवायची शासनाची योजना आहे. खर्चातला काही भाग शासन सोसते, बाकीचा शेतकरी पदरचा घालतो. दौरा होतो, माणूस परत येतो, विमानतळावरचा गटाचा फोटो दिवाणखान्यात लागतो. आम्ही कागदावर अहवाल घेतो, तो फायलीत जातो. त्याने तिथे पाहिलेले पाण्याचे गणित, मालाचे पॅकिंग, तिथल्या शेतकऱ्याने बोलून दाखवलेली अडचण, यातले त्याच्या बांधाशेजारच्या माणसाला काय कळते? फार तर जेवण फिके होते एवढे. शासनाचा पैसा म्हणजे तुमचाच पैसा. तेव्हा दौऱ्यावरून आलेल्या प्रत्येकाने महिन्याच्या आत वाचनालयात अर्धा तास वाचून दाखवावे. स्वतःच्या वहीतले, स्वतःच्या भाषेत. "मला लिहिता येत नाही" ही सबब चालणार नाही. फवारणीची वही ठेवता येते ना? निर्यातीच्या बागेत औषध कधी मारले, किती मारले, काढणीला किती दिवस राहिले, हे तारीखवार लिहिणारा माणूस प्रवासही लिहू शकतो. यंदा जाणाऱ्यांना मी स्वतः एकेक वही देणार आहे. कोऱ्या आल्या तर मात्र नाव घेऊन विचारीन.

आणि सूत्रसंचालकांना एक विनंती. वाईट वाटून घेऊ नका, तुमचा आवाज चांगला आहे, शेरही पाठ आहेत. पण पुढच्या वेळी मागून कुणी बेदाण्याचे विचारले तर विचारू द्या. देणगीदारांचे सत्कार एका फलकावर नावे लिहूनही होतात. हारासाठी जेवढा पैसा जातो तेवढ्यात पाहुण्यांच्या पुस्तकाच्या दोन प्रती वाचनालयाला येतील. त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर पुस्तक मागणारे निदान सहाजण मी स्वतः पाहिले. कपाटात एकही प्रत नव्हती.

वाचनाचे कार्यक्रम ठेवायचे की नाही, हे वाचनालयाच्या सर्वसाधारण सभेत ठरणार आहे. सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. सभासदांपैकी निम्म्याहून अधिक शेतकरी आहेत, पण सभेला दरवेळी तीच दहा-बारा डोकी असतात. सकाळचे पाणी धरून येता येईल. वर्गणी थकली असेल तर शनिवारीच भरून पावती घ्या, नाहीतर सभेत मत देता येणार नाही.