कांद्याची बंदी आणि मोझांबिकची तूर

माझं आजोळ निफाड तालुक्यात आहे. घरामागे कांद्याची चाळ. लासलगाव बाजार समिती जवळच. जागतिक व्यापार हा शब्द मी कॉलेजात शिकलो, पण त्याचं व्याकरण मामूंच्या बोलण्यातून आधीच कानावर पडलं होतं. पेरणीला त्यांचा प्रश्न पावसाचा नसतो. ते विचारतात, “या वर्षी निर्यात चालू राहील का?”

प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी आली, मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली आणि १ जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. त्यानेही भाव आवरले नाहीत म्हणून ७ डिसेंबर २०२३ ला अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून निर्यात बंद. लाल कांदा नेमका बाजारात येत होता. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क आणि टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य ठेवून. नाशिक आणि दिंडोरीच्या मतदानाला तेव्हा सोळा दिवस उरले होते. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

बंदीचा फटका इथेच संपत नाही. २०१९ च्या बंदीनंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. उद्योजकांच्या सभेत त्यांनी हसत हसत सांगितलं, की आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय. आणि पुढच्या वेळी जरा आधी कळवा अशी विनंती केली. सभा हसली. पण ढाक्याने त्या हंगामात इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तानचा कांदा विमानानेसुद्धा आणला. असं दुसरीकडे वळलेलं गिऱ्हाईक परत आणायला वर्षं लागतात. जागतिक व्यापार संघटनेच्या शेती कराराचं कलम १२ हेच सांगतं: अन्नधान्याची निर्यात रोखताना आयातदार देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करा आणि शक्य तितक्या लवकर सूचना द्या. आयातशुल्कावर त्या संघटनेत जेवढी काटेकोर बंधनं आहेत, त्यामानाने निर्यात रोखण्यावरची फारच सैल आहेत.

इथपर्यंत नाशिकचा कुणीही माझ्याशी सहमत होईल. आता दुसरी बाजू.

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली होती. घाबरलेल्या सरकारने जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार केला: पहिल्या वर्षी १ लाख टन तूर घेऊ, २०२०-२१ पर्यंत २ लाख टनांवर नेऊ. मोझांबिकच्या नांपुला आणि झांबेझिया प्रांतांतल्या छोट्या शेतकऱ्यांनी भारताच्या भरवशावर तूर वाढवली. मग आपल्याकडे २०१६-१७ ला विक्रमी पीक आलं, विदर्भ-मराठवाड्यात तुरीचा भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला, आणि ५ ऑगस्ट २०१७ ला केंद्राने तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. करारातली सरकारी खरेदी त्यातून वगळली होती. पण करारापलीकडे पेरलेल्या तुरीला त्याचा काय उपयोग? मोझांबिकात तूर निघते ती याच महिन्यांत. तिथे भाव कोसळले, शेजारच्या टांझानियातही.

आपल्या तूर उत्पादकाला संरक्षण हवं होतं, यात वाद नाही. पण तफावत बघा. लासलगावचा कांदा निर्यात थांबली तरी पाटणा-कोलकात्याला जातो, भाव पडून का होईना. मोझांबिकमध्ये तूर फारशी खाल्लीच जात नाही. ती आपल्यासाठी पिकते. आपण दार लावलं की तिला दुसरा बाजारच नाही.

आपल्या वाचकांना सूरह मुतफ्फिफीन माहीत आहे. तिथे दोष दिलाय तो दोन मापं ठेवणाऱ्याला: घेताना पुरेपूर, देताना कमी. जागतिक व्यापार संघटनेत भारत गरीब देशांच्या वतीने बोलतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत आफ्रिकी संघाला कायम सदस्यत्व मिळालं, तेही भारताच्या पुढाकाराने. मला त्याचा आनंद झाला होता. अल्पविकसित देशांच्या बहुतेक मालाला आपण शुल्कमाफीही देतो. पण शुल्क शून्य आणि वर मर्यादेचं कुलूप, याला सवलत म्हणवत नाही.

यावर मालेगावचा माझा मित्र विचारतो, यंत्रमागावर राबणाऱ्याने ८० रुपये किलोने कांदा घ्यायचा का? नाही घ्यायचा. पण त्याला स्वस्त कांदा देण्याचा खर्च सरकारने तिजोरीतून करावा. भाव स्थिरीकरण निधी त्यासाठीच आहे. नाफेड आणि एनसीसीएफ कांद्याचा साठा करतात, २०२३ मध्ये त्याचं उद्दिष्ट ३ लाखांवरून ५ लाख टन केलं होतं. ती खरेदी वेळेवर आणि थेट शेतकऱ्याकडून झाली तर बंदीची गरज निम्मी होईल, असं माझं मत. आज मजुराच्या ताटाचं बिल निफाडच्या शेतकऱ्याच्या खिशातून जातं आणि आपल्या तूर उत्पादकाचं नांपुलाच्या.

म्हणून मागणी एकच करावी, आणि ती दोन्ही दिशांना लागू असावी: पेरणीनंतर त्या पिकाचा नियम बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर पुढच्या हंगामापासून, आणि मधल्या काळात जे नुकसान होईल ते सरकारने सोसायचं. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत जगातलं निम्म्याहून जास्त कोको पिकतं. २०१९ मध्ये त्यांनी एकत्र येऊन टनामागे ४०० डॉलर जादा मागितले. कंपन्यांनी पळवाटा शोधल्या, तरी उत्पादकांनी एका आवाजात बोलायचं असतं हे त्यांनी दाखवलं. आपले शेतकरी नेते कांद्यावर बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडी मोझांबिकचं नाव मी अजून ऐकलेलं नाही.

२०२१ पासून तुरीची आयात पुन्हा खुली आहे, पण मुदतीवर. ती मुदत बहुतेक वेळा ३१ मार्चला संपते आणि वाढवली जाते. उत्तर मोझांबिकात पेरणी डिसेंबर-जानेवारीत होते, तूर निघते जुलै-ऑगस्टमध्ये. मामूंचा प्रश्न तिथेही कुणीतरी विचारत असणार, फक्त पोर्तुगीजमध्ये किंवा माखुवामध्ये, आणि त्याचं उत्तर दिल्लीत ठरतं.