वाट पाहण्याच्या कामाला हलकं फ्रेमवर्कच हवं

स्टारलेटसारख्या हलक्या असिंक फ्रेमवर्कचं नाव काढलं की रायपुरातल्या अनेक जाणत्या प्रोग्रॅमरांकडून एकच उत्तर येतं: ‘कॉलेजच्या प्रोजेक्टपुरतं ठीक आहे. सरकारी काम असेल तर जँगो घ्या, जावा घ्या; लोड वाढला तर सर्व्हर मोठा करा.’ हा सल्ला अनुभवातून आलेला आहे, तरीही इथल्या कामासाठी तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

इथलं काम कसलं असतं? धानखरेदीच घ्या. २०२४-२५ च्या हंगामात छत्तीसगडच्या २५ लाखांहून अधिक शेतकऱ्यांनी सुमारे १४९ लाख टन धान सरकारला विकलं. केंद्रावर धान नेण्याआधी टोकन लागतं. ते ‘टोकन तुंहर हाथ’ या ॲपवरूनही काढता येतं. अशी एखादी सेवा बांधायची, तर सर्व्हरचा वेळ कशात जाईल? शेतकऱ्याची नोंद डेटाबेसकडे मागायची आणि थांबायचं. एसएमएस गेटवेला ओटीपी पाठवायला सांगायचं आणि पुन्हा थांबायचं. समजा, एका विनंतीला अर्धा सेकंद लागला, तर त्यात प्रोसेसरचं काम जेमतेम ५ मिलिसेकंदांचं. बाकी सगळं वाट पाहणं.

जुन्या पद्धतीत प्रत्येक विनंतीपायी एक थ्रेड अडकून पडतो. ४० थ्रेड असले तर सेकंदाला ८० विनंत्या होतात, पुढचे शेतकरी रांगेत, आणि प्रोसेसर साठ टक्के वेळ रिकामा. सर्व्हर मोठा केला तर हा रिकामपणाच वाढतो. असिंक पद्धतीत ‘अवेट’ आलं की ती विनंती बाजूला राहते आणि इव्हेंट लूप दुसरी हातात घेतो. याच हिशेबाने एकटी प्रोसेस सेकंदाला २०० विनंत्यांपर्यंत जाऊ शकते.

‘मग थ्रेडच ४०० करा की!’ काहीशे थ्रेडपर्यंत ते निभतंही. पण प्रत्येक थ्रेड मेमरी खातो आणि त्यांची अदलाबदल करण्यात प्रोसेसर खर्ची पडतो. एकाच सर्व्हरने दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्येच मांडला होता. २००४ मध्ये आलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर इव्हेंट लूपच्याच तत्त्वावर चालतो, आणि ज्या जँगोची शिफारस होते त्याच्या पुढ्यात बहुतेक ठिकाणी तोच उभा असतो. खुद्द जँगोने २०२० मध्ये असिंक व्ह्यू स्वीकारले. मग असिंकला पोरखेळ कसं म्हणायचं?

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: असिंक चुकीला माफी देत नाही. ‘असिंक डेफ’च्या आत कुणी सवयीने ‘रिक्वेस्ट्स’ या असिंक नसलेल्या लायब्ररीने एसएमएस गेटवेला हाक मारली आणि गेटवेने तीन सेकंद घेतले, तर ती अख्खी प्रोसेस तीन सेकंद ठप्प. ज्याला एसएमएसशी काही देणंघेणं नाही, फक्त टोकनची तारीख पाहायची आहे, तोही लटकतो. लॉगमध्ये चूक दिसत नाही, प्रोसेसरवर ताण दिसत नाही, आणि टीम नेटवर्कला दोष देत बसते. यावर उपाय आहेत. एचटीटीपीएक्सचा असिंक क्लायंट वापरावा, जुनी लायब्ररी टाळताच येत नसेल तर ती वेगळ्या थ्रेडमध्ये ढकलावी. आणि चाचणीच्या वेळी असिंकआयओचा डीबग मोड चालू ठेवावा. लूप १०० मिलिसेकंदांहून जास्त अडला की तो नोंद करतो. हे तपासायला हलकं फ्रेमवर्कच सोयीचं, कारण त्यात विनंतीचा सगळा रस्ता एका बैठकीत वाचून होतो. मोठ्या फ्रेमवर्कमध्ये मिडलवेअर आणि सिग्नलच्या थरांत अडलेली जागा शोधता शोधता नाकी नऊ येतात.

अर्थात, सब घोडे बारा टक्के करून चालणार नाही. शेकडो पानांच्या पीडीएफ बनवणं हे प्रोसेसरचं काम आहे, असिंकने ते रतीभरही लवकर होत नाही. त्याला वेगळा वर्कर द्यावा. लॉगिन आणि ॲडमिनचे पडदे जँगोत आयते मिळतात, ते हाताने पुन्हा लिहिण्यात शहाणपण नाही. म्हणून माझा आग्रह वाटणीचा आहे: अधिकाऱ्यांचे पडदे आणि अहवाल जँगोत, शेतकऱ्यांची टोकन खिडकी स्टारलेटवर, दोघांखाली एकच पोस्टग्रेस, आणि कोणता पत्ता कुणाकडे जायचा हे एनजिनएक्सच्या चार ओळींत. डेटाबेसच्या जोडण्यांना मात्र आधीच मर्यादा घालावी, नाहीतर दारावरची गर्दी जाऊन पोस्टग्रेसच्या छातीवर बसेल.