समित्या म्हणजे खबरे नव्हेत



‘मोहल्ला समित्या म्हणजे पोलिसांचे बिनपगारी खबरे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत भिवंडीचा इतिहास पाहता टिकत नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागांचे शहर होरपळले होते. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि हवालदार एकत्र बसू लागले. किरकोळ भांडणे तिथेच मिटू लागली, आणि रहिवासी व पोलीस यांची एकमेकांशी ओळख झाली ती अशाच बैठकांतून. म्हणूनच डिसेंबर १९९२ पासून मुंबई दंगलींनी पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी ही चळवळ उभी केली.

पत्रलेखकाची एक भीती मात्र खरी आहे. सणापुरती बोलावलेली, पक्षांच्या कार्यकर्त्यांनी भरलेली शांतता समिती कुणाच्याच कामाची नाही. त्यावर उपाय समित्या बंद करणे हा नव्हे. सदस्यांची यादी पोलीस ठाण्याबाहेर लावा, दरमहा बैठक घ्या, वस्तीतल्या बायकांना आणि भाडेकरूंनाही त्यात घ्या. एवढी मागणी आपण वाचकांनी तरी एकत्र करू या.

— एक वाचक, ठाणे