पडद्यावरचे गाव ऐकू येते काय?

चित्रपट पाहून आलेल्या मराठी प्रेक्षकाला विचारावे, कसा वाटला? तो कथेविषयी बोलेल, नटाविषयी बोलेल, गाणी गुणगुणून दाखवील. कीर्तन, तमाशा आणि संगीत नाटक यांच्या पंक्तीत वाढलेल्या समाजाने शब्दाला आणि स्वराला पहिला मान द्यावा, यात नवल नाही. परंतु आपले परीक्षणही तेथेच थांबते. कथानक, अभिनय, संगीत यांचा परामर्श घेऊन झाला की शेवटी एक ओळ येते, 'तांत्रिक बाजू सफाईदार आहे.' त्या एका ओळीत कॅमेरा, प्रकाश, ध्वनी, संकलन या सर्वांची बोळवण होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकाचे परीक्षण करताना 'आकडेमोड बरोबर आहे' एवढेच लिहावे, तसला हा प्रकार होय.

वस्तुतः प्रेक्षकाच्या मनात जी भावस्थिती निर्माण होते, ती बहुतांशी या 'तांत्रिक बाजू'तूनच होते. एक साधे उदाहरण घेऊ. बांधावर एक शेतकरी बसला आहे. तो काही बोलत नाही, काही करत नाही. कॅमेरा उंचावर नेऊन, भोवतालचे सगळे रान चौकटीत घेऊन त्याला पाहिले, तर तो मुंगीएवढा होतो. त्याची असहायता कोणी सांगावी लागत नाही. तोच कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर पाहू लागला, की तो माणूस आभाळाला टेकतो. लांब पल्ल्याच्या भिंगातून दुरून पाहिले, तर मागचे डोंगर त्याच्या पाठीला चिकटल्यासारखे दिसतात आणि मधली उन्हाची झळ थरथरते. आता यात ध्वनी मिळवा. बासरी लावली, तर हा माणूस समाधानी आहे असे आपण समजतो. कावळ्याचा एकच आवाज ठेवला, तर काहीतरी अशुभ घडणार असे वाटू लागते. आणि केवळ दूरवर पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकू आली आणि ती मध्येच बंद पडली, तर वीज गेली, पाणी थांबले, हे न बोलता कळते. माणूस तोच, बांध तोच; पण तीन निराळी मते आपल्या गळी उतरली. मी 'मते' हा शब्द जाणूनबुजून वापरतो. कॅमेरा कोठे ठेवायचा आणि काय ऐकवायचे, हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नसून माणसाकडे कसे पाहायचे याविषयीचा तो अभिप्राय असतो.

ही जाण आपल्याकडे उशिरा आली असे मात्र कोणी समजू नये. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' 1932 सालचा. बोलपट ही अपूर्वाईची गोष्ट होती आणि तिच्यातून जितके गाणे-बजावणे निघेल तितके काढून घेण्याकडे सर्वांचा कल होता. अशा काळात, अवघ्या पाच वर्षांनी, 1937 साली प्रभात कंपनीच्या 'कुंकू'मध्ये व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीतच काढून टाकले. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. वृद्ध वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली तरुण नीरा हे लग्न मानायचे नाकारते, हे त्याचे सूत्र. केशवराव दाते आणि शांता आपटे यांच्या अभिनयाचे कौतुक आजवर पुष्कळ झाले; ते योग्यच आहे. पण त्या घरातले वातावरण कशाने घडते? घड्याळाच्या टिकटिकीने, घरातल्या साध्यासुध्या आवाजांनी. गाण्याला साथ हवी असेल, तर तीही दृश्यातल्याच एखाद्या वस्तूतून, ग्रामोफोनमधून वगैरे, आली पाहिजे असा दंडक पाळलेला. दु:खाच्या प्रसंगी सारंगी वाजली असती, तर प्रेक्षकाला रडून मोकळे होता आले असते. सारंगी नाही म्हणून तो त्या घरात नीरेबरोबर अडकून पडतो. छायालेखक व्ही. अवधूत यांच्या कॅमेऱ्याने आरसा आणि घड्याळ या दोन वस्तूंना जवळजवळ पात्रांचा दर्जा दिला. विशेष असे, की हा निर्णय पैशाच्या टंचाईतून आलेला नव्हता. प्रभातकडे वाद्यवृंद होता, गायक होते, पुण्याचा सुसज्ज स्टुडिओ होता. असूनही न वापरणे, याला काटकसर नव्हे, विचार म्हणतात.

या वाटेने मराठी चित्रपट पुढे का गेला नाही? कारणे अनेक आहेत; त्यांतले एक यंत्राचे आहे आणि त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. स्टुडिओच्या बाहेर पडून चित्रण करण्यासाठी हलके, हातात धरता येण्याजोगे कॅमेरे आपल्याकडे रूढ झाले. त्यांतला अ‍ॅरिफ्लेक्स सर्वांच्या परिचयाचा. या कॅमेऱ्याने डोळा मोकळा केला, पण तो चालताना एवढा खडखडाट करी, की त्याच वेळी आवाज टिपणे अशक्य झाले. मग संवाद नंतर मुंबईच्या बंद खोलीत, पडद्यावरच्या ओठांकडे पाहून म्हणायचे, ही रीत पडली. पावलांचे, दारांचे, भांड्यांचे आवाजही तेथेच करायचे. म्हणजे कॅमेरा गावात आला आणि त्याच क्षणी गावाचा आवाज चित्रपटातून गेला. त्या जागी आला साठवणीतला ठोकळेबाज आवाज: पहाट म्हणजे कोंबडा, रात्र म्हणजे रातकिडे, देऊळ म्हणजे घंटा, आणि गाव म्हणजे ढोलकी. वर्षानुवर्षे हेच ऐकल्यावर प्रेक्षकालाही तेच खरे वाटू लागले. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हाकलून लावते, हा ग्रेशॅमचा नियम आम्ही वर्गात शिकवतो. तो ध्वनीलाही लागू पडतो, एवढेच.

भोकरदन तालुक्यातील आमचे पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात येथे दिवस कलताना येणारा आवाज कोणत्याही ध्वनिसंग्रहात सापडावयाचा नाही. भावाचा पुकारा, मागे घेतल्या जाणाऱ्या टेम्पोचा कर्णा, गोण्या आपटल्याचा आवाज, आणि भाव पडला की घोळक्यात क्षणभर पडणारी शांतता. त्या शांततेत एका कुटुंबाच्या वर्षभराचा हिशेब असतो. येथे चित्रण करून वर बासरी चढवली, तर देखणे दृश्य हाती लागेल, पण बाजार हाती लागणार नाही. जालना म्हणजे मोसंबी, बियाणे आणि पोलाद. या जिल्ह्याचे खेडे आता यंत्रांच्या आवाजात जगते. मळणीयंत्र, कूपनलिकेची गाडी, टंचाईच्या वर्षी पाण्याचा टँकर. पडद्यावरचे खेडे मात्र अजून पुष्कळदा बैलांच्या घुंगरांवरच चालते.

म्हणूनच 2013 साली आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चे महत्त्व मला कथेइतकेच ध्वनीत आणि कॅमेऱ्यात दिसते. डुकरे पकडण्याचा तो प्रसंग आठवावा. कचरू माने आपल्या कुटुंबासह शाळेजवळ डुकराचा पाठलाग करीत आहे. डुक्कर हाताशी येते, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी सावधान उभे राहते. डुक्कर निघून जाते. या प्रसंगावर कोणी भाषण करीत नाही. रोज सकाळी आपण शिक्षक मंडळी जो स्वर ऐकतो, तोच स्वर येथे एका माणसाच्या पोटापाण्याच्या मध्ये येऊन उभा राहतो. आणि तरीही त्याचा मान तो माणूसच राखतो. एखाद्या संपादकीयाला जे साधणार नाही, ते त्या ओळखीच्या सुरावटीने साधले. पुढे गावकरी जणू क्रिकेटचा सामना पाहावा तसे बसून या पाठलागाची मजा लुटतात. त्यांचे हसणे, शेरे आणि शिट्ट्या हेच त्या प्रसंगाचे पार्श्वसंगीत. डुक्कर काठीला बांधून घरची माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात, त्या भिंतीवर फुले आणि आंबेडकर यांची चित्रे असतात. कॅमेरा त्यांच्यावर बोट ठेवून दाखवीत नाही, केवळ तेवढे अंतर चालू देतो. आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. कॅमेरा कोठे उभा होता? हसणाऱ्या गर्दीच्या बाजूला. म्हणजे आपण कोठे बसलो होतो, हे चित्रपटाच्या शेवटच्या क्षणी आपल्याला कळते.

याच दिग्दर्शकाच्या 'सैराट'ने (2016) आक्षेपकांना एक उत्तरही देऊन ठेवले आहे. नैसर्गिक आवाजाचा हा पुरस्कार म्हणजे संगीताचा द्वेष, असे काहींना वाटते. तसे मुळीच नाही. 'सैराट'चा पूर्वार्ध अजय-अतुल यांच्या भरघोस वाद्यवृंदाने आणि संथ केलेल्या गतीने ओसंडून वाहतो. त्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला झाले, याची त्या वेळी चर्चाही पुष्कळ झाली. करमाळ्याच्या परिसरातल्या विहिरी आणि उसाचे फड यांना एवढ्या थाटाचे संगीत मिळाले, तेव्हा खेड्यातल्या पोरापोरींचे प्रेमही राजपुत्रांच्या प्रेमाइतकेच मोठे ठरले. आणि शेवटी? शेवटी ध्वनीच काढून घेतला जातो. लहान मूल चालते, त्याची रक्ताळलेली पावले उमटतात, आणि काहीही ऐकू येत नाही. ती शांतता एवढी भयंकर वाटते याचे कारण आधीचा तो वाद्यवृंद. पुंजी जमवल्याखेरीज उधळता येत नाही. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'त (1955) याच्या उलट केले होते: दुर्गेच्या मरणाची वार्ता सांगताना आईचा आक्रोश ऐकूच दिला नाही, त्या जागी तारशहनाईचा तीव्र स्वर ठेवला. डोळ्यांना रडणे दिसते, कानांना वाद्य ऐकू येते, आणि दोहोंच्या विसंवादातून दु:ख उभे राहते. चित्र आणि ध्वनी यांनी एकमेकांची री ओढू नये, हे आयझेन्स्टाइन प्रभृतींनी 1928 सालीच बजावले होते. संगीताला विरोध नाही. विरोध आहे तो दृश्यात जे दिसते तेच पुन्हा मोठ्याने सांगणाऱ्या संगीताला.

कचेरीत काम करणाऱ्या वाचकांनी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' अवश्य पाहावा. येथे कॅमेरा जवळ येतच नाही. तो न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसल्यासारखा दूर राहतो आणि हलत नाही. न्यायाधीश सांगतात, लघुलेखक लिहितो, तारीख पडते. जिवंत माणसाची साक्ष कागदावर येताना कशी सपाट होते, हे निव्वळ त्या सुरातून कळते. काहींना हा चित्रपट कंटाळवाणा वाटला. पण तो कंटाळा हाच येथला आशय आहे. तारखेसाठी खेटे घालणाऱ्या माणसाच्या वाट्याला जे येते, त्याचा अल्पसा हिस्सा प्रेक्षकाने सोसावा अशी ती योजना. सुटीपूर्वी दालनातले दिवे मालवले जातात आणि कॅमेरा अंधारात बसून राहतो, तेथे अंगावर काटा येतो, आणि घडलेले तर काहीच नसते.

आता थोडे खर्चाविषयी, कारण तो आमचा धंदा आहे. चित्रणाच्या जागीच ध्वनी टिपायचा, तर शांतता विकत घ्यावी लागते: जास्त दिवस, जास्त माणसे, जास्त तालमी. 'लगान'ने (2001) भुजच्या माळावर ही पद्धत व्यावसायिक चित्रपटात पुन्हा रुजवली, तेव्हा तिच्यामागे मोठे भांडवल होते. भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा' हा मेंढपाळ कुटुंबाचा चित्रपट त्या मानाने कितीतरी लहान. तरी 2014 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत स्थळावरील ध्वनिमुद्रणाचा मान त्यालाच मिळाला. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो 'कोर्ट'. म्हणजे गुण आहेत, माणसे आहेत. अडचण मागणीच्या बाजूला आहे. आमचे विद्यार्थी हे चित्रपट हातातल्या मोबाइलवर, एसटीच्या खडखडाटात, मध्ये मध्ये सरकवत पाहतात. त्या इवल्याशा ध्वनिवर्धकातून संवाद तेवढे ऐकू येतात. दूरची मोटार, कावळा, शांतता, सारे गळून जाते. मग निर्मात्याने त्यावर खर्च का करावा? निष्णात ध्वनिमुद्रक जे राबून टिपतो, ते ऐकणारा कान नसेल, तर बाजारात त्याचे मोल शून्य.

पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या आश्रयाने चित्रपट-आस्वादाचे वर्ग गेली अनेक वर्षे भरत आले, प्रा. सतीश बहादूर यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. ते भोकरदन-जाफराबादपर्यंत पोहोचले नाहीत. मराठीच्या पाठ्यपुस्तकात कविता असते, नाट्यप्रवेश असतो. मग पटकथेचे एखादे पान आणि त्याच प्रसंगाची चित्रफीत शेजारी ठेवण्यास हरकत कोणती? बहुतेक शाळांतून आज पडदा आणि प्रक्षेपक आले आहेत. 'कुंकू'तला एक प्रसंग प्रथम आवाज बंद करून दाखवावा, मग चित्र झाकून नुसता ऐकवावा, आणि तिसऱ्यांदा दोन्ही मिळून. तासाला चाळीस मिनिटे असतात. त्यांत हे सहज बसते.