नोटीस पीरियड नसलेली नोकरी

दर १२ जानेवारीला आमच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं. जिजाऊंना वंदन करून झालं की कुणीतरी पिल्लू सोडतं, "पण त्यांचे वडील मोगलांकडे गेले होते ना?" मग लखुजी जाधव गद्दार की मुत्सद्दी यावर रात्रभर मेसेज. आणि भांडणारे कोण? तीन वर्षांत दोन कंपन्या बदललेले आम्ही!

माझं म्हणणं, हा प्रश्नच चुकीचा आहे.

जालन्याहून सिंदखेडराजा तासाभराच्या आत येतं. एकदा जाऊन लखुजीरावांची भव्य समाधी बघा. देवगिरीच्या यादवांचा वारसा सांगणारं हे घराणं. निजामशाहीतले बडे सरदार. तिथून मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीकडे वळले. आणि १६२९ साली त्याच देवगिरीवर, म्हणजे दौलताबादला, भर दरबारात निजामशहाने लखुजी, त्यांची दोन मुलं आणि एक नातू यांना मारून टाकलं. उरलेलं कुटुंब मोगलांकडे गेलं.

शौर्य कमी पडलं का? अजिबात नाही. जहागीर दुसऱ्याच्या शिक्क्याने मिळालेली होती, एवढंच. ज्या शिक्क्याने वर चढलात, तोच एका दुपारी तुम्हाला संपवतो. अशा व्यवस्थेत निष्ठा कुणावर ठेवायची?

हा धडा लखुजींच्या नातवाने, शिवाजी महाराजांनी घेतला. नव्या जहागिरी देण्याऐवजी रोख पगार, आणि किल्ले राज्याच्या ताब्यात. मात्र राजारामांच्या काळात, औरंगजेबाशी झुंजताना, सरदार टिकवण्यासाठी वतनं पुन्हा वाटावी लागली. फळ काय? याच घराण्यातल्या धनाजी जाधवाने मोगलांना सळो की पळो केलं, आणि त्याचाच मुलगा, सेनापती चंद्रसेन, १७११ मध्ये बाळाजी विश्वनाथाशी बिनसल्यावर शाहूला सोडून गेला आणि पुढे निजामाचा सरदार झाला. रक्त तेच. वागणं बदललं ते व्यवस्थेमुळे.

कुणी म्हणेल, नोकरी बदलणं आणि राज्य सोडणं एक कसं? एक नाहीच. आपल्याला फार तर रिलीव्हिंग लेटर अडवतात, लखुजींना तलवार मिळाली. म्हणून तर निवाडा करताना जरा जपून.

तेव्हा पुढच्या १२ जानेवारीला 'कुणाच्या बाजूने होते?' हे विचारू नका. 'कुणाच्या मर्जीवर जगत होते?' हे विचारा. आणि मग स्वतःलाही एकदा विचारा.

असो. उद्या सोमवार.